शाळेचा निकाल मुलाच्या माथी : होरेस मान बाँड यांची झुंज

बुद्धी ही कोणाच्या घरची मिरासदारी आहे काय, हा प्रश्न जगात पुष्कळ ठिकाणी विचारला गेला. आपल्याकडे तो धर्मग्रंथांच्या भाषेत विचारला गेला आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. अमेरिकेत तोच प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विज्ञानाच्या आणि आकड्यांच्या भाषेत विचारला गेला. उत्तर तिथेही आधीच ठरलेले होते. फरक एवढाच की तिथे एका एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने ते आकडे उलगडून पाहिले आणि आकडे मांडणाऱ्यांचे पितळ उघडे पाडले. या तरुणाचे नाव होरेस मान बाँड. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्या वाचकांना मात्र ते फारसे परिचित नाही. म्हणून त्यांची जीवनकहाणी येथे मांडणे आवश्यक वाटते.

होरेस यांची आजी जेन ही केंटकी राज्यातील गुलाम स्त्री होती. तिच्या मालकाच्या घरात तिला जो मुलगा झाला, तो होरेसचा बाप जेम्स. गुलामगिरी संपली तेव्हा जेम्स लहान होता. लिहिणे-वाचणे त्याला नीट येत नव्हते. पण शिकायचे हा निर्धार पक्का होता. शाळेची फी भरायला पैसा नव्हता, म्हणून तो एक गोऱ्हा दोरीला बांधून केंटकीच्या रस्त्याने चालत बेरीया महाविद्यालयात पोहोचला आणि तो गोऱ्हाच त्याने फी म्हणून दिला. ही कथा बाँड घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बेरीया हे दक्षिणेतले एक दुर्मीळ ठिकाण होते. तिथे काळी आणि गोरी मुले एका वर्गात बसत. जेम्स १८९२ साली तिथून पदवीधर झाला आणि पुढे धर्मोपदेशक बनला. होरेसची आईही उच्चशिक्षित होती.

होरेसचा जन्म ८ नोव्हेंबर १९०४ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. त्याच १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने कायदा करून काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणे गुन्हा ठरवले. ज्या बेरीयाच्या दारात बाप गोऱ्हा घेऊन उभा राहिला, ते दार मुलाच्या जन्माच्या वर्षीच बंद झाले! १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. बेरीयातून बाहेर काढलेल्या काळ्या मुलांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट नावाची वेगळी शाळा उभारली गेली. तिच्यासाठी जेम्स बाँड यांनी गावोगाव फिरून निधी जमवला. होरेस याच शाळेत शिकला आणि वयाच्या चौदाव्या वर्षी पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात दाखल झाला. १९२३ साली तो पदवीधर झाला, तेव्हा त्याला एकोणिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

आता या काळात बुद्धिमापनाच्या क्षेत्रात काय चालले होते ते पाहू. बुद्धिमत्ता चाचणीचा जनक फ्रान्सचा आल्फ्रेड बिने. त्याने थिओडोर सिमों याच्या मदतीने १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. तिचा हेतू साधा होता. पॅरिसच्या शाळांत जी मुले मागे पडतात ती ओळखावीत आणि त्यांना जादा मदत द्यावी. चाचणीत आलेला आकडा म्हणजे मुलाच्या डोक्यात जन्मतः बसवलेली अचल वस्तू आहे, असे बिनेने कधीही मानले नाही. अशा समजुतीचा त्याने विरोधच केला. १९११ साली तो वारला आणि चाचणी अमेरिकेत जाऊन भलत्याच हातात पडली.

१९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन याने बिनेच्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती काढली. निग्रो, मेक्सिकन आणि मूळनिवासी इंडियन मुलांची बुद्धी वंशानेच मंद असते, त्यांना वेगळ्या वर्गात बसवून हातकाम शिकवावे, असे मत त्याने त्याच ग्रंथात नोंदवले. याच १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून न्यूयॉर्कमधून बाहेर पडले होते. म्हणजे जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेचे शास्त्रीय विश्लेषण ज्या देशात बसून एका अस्पृश्य विद्यार्थ्याने केले, त्याच देशात जन्मावरून पायरी ठरवण्याचे नवे शास्त्र आकार घेत होते.

पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स याच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिमत्ता चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी आल्फा आणि निरक्षरांसाठी बीटा असे दोन प्रकार होते. आल्फा चाचणीत काय विचारले होते? बाजारात विकल्या जाणाऱ्या एका वनस्पती तुपाचे नाव देऊन ते औषध आहे, दंतमंजन आहे की खाण्याचा पदार्थ, असे विचारले होते. एक प्रसिद्ध बेसबॉल खेळाडू कशासाठी ओळखला जातो, असे विचारले होते. बीटा चाचणीत अपुरी चित्रे पूर्ण करायची होती. त्यात टेनिसच्या मैदानावर जाळे नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, अशी चित्रे होती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, ज्याच्या गावात ग्रामोफोन आला नाही, त्याने या प्रश्नांची उत्तरे कुठून द्यावीत? पण निष्कर्ष काढणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिघम याने १९२३ साली या आकड्यांवर ग्रंथ लिहून उत्तर युरोपातील गोरे श्रेष्ठ आणि काळे सर्वांत खाली, अशी उतरंड जाहीर केली. वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि शाळाखात्यांनाही ती सोयीची वाटली. काळ्या मुलांच्या शाळेवर पैसा खर्चून उपयोग काय, असे म्हणायला आता विज्ञानाचा आधार मिळाला होता.

याच क्षणी होरेस बाँड मैदानात उतरले. १९२४ च्या जून महिन्यात द क्रायसिस या मासिकात त्यांचा लेख आला आणि लगेच जुलैत ऑपॉर्च्युनिटी या मासिकात दुसरा. द क्रायसिसचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली होती. या चाचण्या विज्ञान म्हणून नव्हे, प्रचार म्हणून वापरल्या जात आहेत, हे बाँड यांचे पहिले म्हणणे. काळ्या विद्यार्थ्यांनी या विषयाचा कसून अभ्यास करावा, म्हणजे खोटे कुठे आहे ते त्यांना स्वतः दाखवता येईल, हे दुसरे.

बाँड यांनी भावनेचा आधार घेतला नाही. सैन्याचेच आकडे घेतले आणि ते राज्यवार लावले. तेव्हा एक वेगळेच चित्र दिसले. ओहायोतील काळ्या सैनिकांचा मध्यांक ४९ च्या आसपास, इलिनॉयमधील काळ्यांचा ४७, न्यूयॉर्कमधील काळ्यांचा ४५. आणि मिसिसिपी, केंटकी, आर्कान्सा या राज्यांतील गोऱ्यांचा? ४१ च्या आसपास! म्हणजे उत्तरेतला काळा दक्षिणेतल्या गोऱ्याच्या पुढे होता. बुद्धी वंशातून येते म्हणायचे तर आता गोऱ्यांमध्येही दोन वंश मानावे लागले असते. मग बाँड यांनी दुसरा तक्ता शेजारी ठेवला. लिओनार्ड एअर्स या अभ्यासकाने प्रत्येक राज्याच्या शाळाव्यवस्थेचा दर्जा काढून क्रम लावला होता. शाळा किती दिवस चालते, किती मुले येतात, शिक्षकाला पगार किती, विद्यार्थ्यामागे खर्च किती, हे त्यात मोजले होते. ज्या राज्याच्या शाळा चांगल्या, त्या राज्याच्या सैनिकांचा आकडा वर. ज्या राज्याच्या शाळा वाईट, तिथला आकडा खाली. दोन्ही तक्ते जवळजवळ हातात हात घालून चालत होते. सैन्याने मोजली ती शाळा, आणि तिच्यावर नाव लिहिले बुद्धीचे.

चाचणीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद येथेच आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. ते म्हणत, आणि आजही म्हणतात, की चाचणी भाकीत करते. ज्या मुलाचा बुद्ध्यंक कमी येतो ते पुढे शाळेत मागे पडते, ज्याचा जास्त येतो ते पुढे जाते. काळ्या मुलांच्या बाबतीतही हे बऱ्याच अंशी घडते. मग चाचणी खोटी कशी? वरवर पाहता बिनतोड वाटते. पण आपल्या खेड्यातल्या कोणत्याही शेतमजुराला यातली मेख कळेल. खोट्या पायलीने सकाळी मोजलेले धान्य संध्याकाळी त्याच पायलीने मोजले, तर माप तंतोतंत जुळते. म्हणून पायली खरी ठरत नाही. जी भाषा, जे शब्द, जी सवय गरीब शाळेने मुलाला दिली नाही, तीच चाचणी मागते आणि तीच पुढची परीक्षाही मागते. दोन्ही ठिकाणी मूल एकाच कारणाने अडते. मग पहिल्या अडण्यावरून दुसऱ्या अडण्याचे भाकीत करण्यात कसली हुशारी? काहीच बदलले नाही तर काय होईल, एवढेच हे भाकीत सांगते. बदलले तर काय होईल, यावर ते मुके असते.

बदलले तर काय होते, हेच बाँड यांनी पुढे दाखवले. १९२७ साली द क्रायसिसमध्ये त्यांनी ३० काळ्या मुलांच्या चाचण्यांचा अहवाल छापला. चाचणी टर्मनचीच. मुले बव्हंशी शिकल्या-सवरलेल्या घरांतली होती. बाँड यांनी आधी मुलांचा विश्वास संपादन केला, परीक्षेचा ताठरपणा काढून टाकला आणि मग प्रश्न विचारले. निकाल असा आला : ६३ टक्के मुले १०६ च्या वर, ४७ टक्के मुले १२२ किंवा त्याच्या वर, आणि २६ टक्के मुले १३० च्याही वर. टर्मनच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे सर्वसाधारण गोऱ्या मुलांत १३० पर्यंत पोहोचणारे शेकड्यात एखादेच असते. मुले निवडक होती हे बाँड लपवत नाहीत. घर आणि शाळा नीट मिळाली की वंशाचा तथाकथित शाप कुठे जातो, एवढेच त्यांना दाखवायचे होते. गोरा अनोळखी परीक्षक समोर बसला की काळे मूल का बिचकते, हा प्रश्नही त्यांनी त्या काळी उपस्थित केला.

यानंतर बाँड दक्षिणेत उतरले. रोझेनवाल्ड निधीसाठी काम करताना त्यांनी दक्षिणेतील राज्यांत हजारो काळ्या शाळकरी मुलांच्या संपादन चाचण्या घेण्यात भाग घेतला. मोडक्या बाकांच्या, एकशिक्षकी, पावसात गळणाऱ्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. १९३४ साली ते पत्नी ज्युलिया यांच्यासह लुइझियानातील वॉशिंग्टन पॅरिश या ग्रामीण भागात एका साध्या घरात राहायला गेले. गावच्या काळ्या शेतकरी कुटुंबांचा आणि शाळेचा अभ्यास चालू होता. तिथल्या विल्सन नावाच्या स्वतःची जमीन असलेल्या कुटुंबातील जेरोम या तरुणाला जानेवारी १९३५ मध्ये जमावाने तुरुंगात शिरून ठार मारले. बाँड पतीपत्नीला ते गाव सोडावे लागले. ज्या गावात जमीन बाळगणाऱ्या काळ्याचा जीव सुरक्षित नाही, त्या गावातल्या काळ्या मुलाच्या बुद्ध्यंकाला काय अर्थ द्यायचा? हा प्रश्न प्रयोगशाळेत बसणाऱ्या एकाही मानसशास्त्रज्ञाच्या तक्त्यात नव्हता.

१९३४ साली बाँड यांचा कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरील मोठा ग्रंथ आला. १९३६ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १९३९ मध्ये अलाबामातील शिक्षणावरचा त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कापूस आणि पोलाद यांच्या मालकांचे हितसंबंध काळ्या मुलांच्या शाळेला कसे घडवतात आणि बिघडवतात, हे त्यांनी सरकारी दप्तरांतून सिद्ध केले. काळ्या मुलांच्या नावाने राज्याकडून आलेला पैसा जिल्ह्याचे गोरे अधिकारी गोऱ्या शाळांकडे वळवत. नंतर तीच शाळाखाती चाचणी घेऊन सांगत की काळे मूल शिकण्यास असमर्थ आहे! ज्याने ताट ओढून घेतले, त्यानेच उपाशी माणसाला अशक्त म्हणून हिणवावे, असा हा न्याय.

बाँड यांच्या आयुष्यात तडजोडी नव्हत्या असे नाही. काळ्यांच्या शिक्षणसंस्था गोऱ्या धनिकांच्या देणग्यांवर चालत. संस्था सांभाळायची तर जीभ आवरावी लागे, आणि बाँड यांनी ती अनेकदा आवरली. १९३९ ते १९४५ ते जॉर्जियातील फोर्ट व्हॅली महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९४५ मध्ये ते लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. हे विद्यापीठ १८५४ साली काळ्या तरुणांच्या शिक्षणासाठी स्थापन झाले होते. परंतु अध्यक्षपदी काळा माणूस बसायला ९१ वर्षे लागली. विश्वस्तांशी खटके उडून १९५७ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. पण बुद्धिमापनाच्या प्रश्नावर त्यांनी माघार घेतली नाही. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्यात इतिहासतज्ज्ञ म्हणून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या वकिलांना साहाय्य केले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

निकाल लागताच वर्णद्वेष्ट्यांनी जुने हत्यार पुन्हा बाहेर काढले. न्यायालय काहीही म्हणो, काळ्यांचा बुद्ध्यंक कमी आहे, ती आमच्या मुलांना मागे खेचतील, असा प्रचार सुरू झाला. ऑड्री श्युई या प्राध्यापिकेने १९५८ मध्ये अशा शेकडो चाचण्या एकत्र करून जाडजूड पुस्तक काढले. बाँड यांनी त्याचा समाचार घेतला. त्याआधी त्यांनी एक मिस्कील प्रयोग केला होता. एकत्र शिक्षणाला विरोध करणाऱ्या दक्षिणेतील संसद सदस्यांना त्यांनी त्यांच्याच फुटपट्टीने मोजले. त्यांची महाविद्यालये चाचण्यांच्या क्रमवारीत कुठे बसतात ते पाहा, म्हणजे यांची बुद्धी कळेल, असे ते विडंबन होते. हसता हसता त्यांनी दाखवले की ही फुटपट्टी कोणालाही हीन ठरवू शकते. ती कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न.

१९५९ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात बाँड यांनी राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलांचे बाप काय करतात ते तपासले. शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटा डॉक्टर, वकील, प्राध्यापक, अधिकारी यांच्या घरांत जात होता. मजुरांच्या घरांत क्वचित. यावरून मजुराच्या घरी बुद्धी नाही असे म्हणायचे, की देश मजुराच्या घरची बुद्धी वाया घालवतो असे म्हणायचे? बाँड दुसरे म्हणाले. गुणवत्ता म्हणून जिचा गौरव होतो, तिच्यात बापाची मिळकत आणि घरातली पुस्तके किती मिसळलेली असतात, हे त्यांनी गोऱ्यांच्याच आकड्यांवरून दाखवले.

त्यांचे अखेरचे पुस्तक १९७२ मध्ये आले. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणारे कृष्णवर्णीय विद्वान मुळात कुठून आले, याचा त्यांनी वर्षानुवर्षे माग काढला होता. तेव्हा ध्यानात आले की अलाबामातील पेरी परगण्यासारख्या कापूसपट्ट्यातल्या कोपऱ्यातून अशा विद्वानांची आश्चर्यकारक संख्या निघाली. कारण काय? मॅरियन या गावी मुक्त झालेल्या गुलामांनी १८६७ साली शाळा उभी केली होती. तिथे चांगले शिक्षक टिकले आणि दोन-तीन पिढ्या त्या शाळेतून शिकल्या. आजूबाजूच्या परगण्यांतही तेच लोक, तोच वंश, तीच गुलामगिरीची पार्श्वभूमी. वेगळी होती ती फक्त शाळा. २१ डिसेंबर १९७२ रोजी बाँड यांचे अटलांटा येथे निधन झाले. नागरी हक्क चळवळीचे नेते ज्युलियन बाँड हे त्यांचेच पुत्र.

त्याच १९७२ साली कॅलिफोर्नियात एक खटला सुरुवातीच्या टप्प्यावर होता. सॅन फ्रान्सिस्कोतील काळ्या मुलांना बुद्ध्यंकाच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात टाकले जात होते. राज्यात काळी मुले सुमारे १० टक्के, पण या वर्गांत सुमारे २५ टक्के. १९७९ साली न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी अशा वर्गांसाठी काळ्या मुलांवर या चाचण्या वापरण्यास मनाई केली. या खटल्यात भाकिताचा प्रश्नही निघाला. प्रमाणित चाचण्यांतील गुण धरले तर बुद्ध्यंकाचा मेळ काळ्या-गोऱ्या दोघांतही बरा जमतो. पण वर्गात शिक्षक देतात ते गुण धरले तर काही अभ्यासांत काळ्या मुलांच्या बाबतीत तो मेळ फारच ढिला आढळला. पुढच्याच वर्षी शिकागोतील दुसऱ्या न्यायाधीशाने उलट निकाल दिला, हेही सांगितले पाहिजे. वाद संपलेला नाही. मात्र पेकहॅम यांनी विचारलेला मुद्दा महत्त्वाचा होता : भाकीत बरोबर असले तरी त्याचा उपयोग मुलाला मदत देण्यासाठी होतो, की मुलाला अभ्यासक्रम नसलेल्या खोलीत कायमचे बसवण्यासाठी? बिनेचा हेतू पहिला होता. व्यवस्थेने त्याचा दुसरा केला.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. काळ्यांना तळाशी ठेवणाऱ्या कार्ल ब्रिघमने १९३० साली स्वतःचे निष्कर्ष निराधार असल्याची जाहीर कबुली दिली. पण तोवर त्या निष्कर्षांनी करायचे ते नुकसान केले होते. मागे घेतलेले पुस्तक कपाटात जाते. त्या पुस्तकाच्या आधाराने न बांधलेली शाळा मात्र पुन्हा बांधली जात नाही, आणि त्या शाळेत न शिकलेल्या मुलाचे बालपण परत येत नाही.

बाँड यांच्या जीवनातून घ्यायचे ते हे. आपल्या मुलांच्या माथी कमी गुणांचा, कमी बुद्धीचा शिक्का मारला जाईल तेव्हा रडू नये आणि नुसते रागावूही नये. आकडा मागून घ्यावा, तो उलगडावा आणि त्याच्या शेजारी दुसरा तक्ता ठेवावा. शाळेत शिक्षक किती, ग्रंथालय आहे काय, मुलाची घरची भाषा वर्गात चालते काय, संध्याकाळी अभ्यासाला दिवा आहे काय, हे त्या तक्त्यात लिहावे. एकोणीस वर्षांच्या एका मुलाने एवढेच केले होते. ते करण्यासाठी त्याला मोठे पद लागले नाही. वाचण्याची सवय आणि मान खाली न घालण्याची जिद्द पुरली. गोऱ्हा घेऊन चालत निघालेल्या बापाची ही कमाई होती.